चौथं घर, सातवं घर

शस्त्रक्रिया झालेला माणूस कोड पडेपर्यंत मिटत नाही. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात ही गोष्ट शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचं कुणाला नवलही नव्हतं. पेशंट भुलीतून उठला की त्याच्या कापून उघड्या राहिलेल्या अंगावर एक हिरवा टॉवेल द्यायचे, हातात फाईल द्यायचे आणि तिसऱ्या मजल्यावर पाठवायचे. तिथं कोडिंग विभागासमोर लांब बाक होता. त्यावर सगळे टॉवेल धरून ओळीनं बसत, वर्तमानपत्र वाचत, एकमेकांची गावं विचारत. आत कोड पडला की डब्याचं झाकण घट्ट बसावं तसा आवाज व्हायचा, टॉवेलाखालचं अंग मिटायचं आणि माणूस टॉवेल खिडकीत ठेवून जिना उतरायचा.

चारुशीला मगदूम या विभागात अकरा वर्षं होती. सर्जन मंडळींचं लिहिणं म्हणजे आनंदच असे. 'गाठ काढली' एवढं खरडलं की ते मोकळे. गाठीबरोबर आणखी काय काढलं, थोडं काढलं की सगळं, कुठून शिरले, आत काही ठेवलं का, कशाचा पत्ता नाही. ते सगळं कोडरनं वाचून ठरवायचं. विभागप्रमुख कुंभोजकर सर नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत, "डॉक्टर कापतात. काय कापलं ते आपण ठरवतो. आपण ठरवलं की शरीर तसं वागतं."

कोडाला सात घरं असत. पहिल्यात विभाग, दुसऱ्यात शरीराची कुठली यंत्रणा, तिसऱ्यात काय केलं, चौथ्यात कशावर केलं, पाचव्यात कुठल्या वाटेनं, सहाव्यात आत काय ठेवलं आणि सातव्यात उरलंसुरलं. एकही घर रिकामं चालत नसे. लिहिण्यासारखं काही नसेल तर निरंक लिहायचं. तिसऱ्या घरासाठी एकतीस शब्द होते आणि त्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला होता. अंशतः काढणं वेगळं, समग्र काढणं वेगळं. तोडणं, ओढून काढणं, मोकळं करणं, वळवणं, जोडणं, रोपण. नुसतं आत डोकावून पाहणं हीसुद्धा त्या तक्त्यात एक शस्त्रक्रियाच होती.

नव्या मुलींना शिकवताना चारुशीला फुप्फुसापाशी हमखास थांबायची. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग. त्यातला वरचा भाग सबंध काढला, तर तिसऱ्या घरात 'समग्र' लिहायचं, कारण त्या भागातलं काही शिल्लक राहिलं नाही. पण मग चौथ्या घरात 'उजवं फुप्फुस' लिहायचं नाही. 'उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग' असं लिहायचं. "तिसऱ्या घरात शब्द मोठा पडला की चौथ्या घरात जागा लहान घ्यायची," ती सांगायची, "नाहीतर माणसाचं नको तेवढं जातं." मुली वहीत लिहून घ्यायच्या आणि वही मिटून चहाला जायच्या.

त्या मंगळवारी अकरा वाजता तिची थोरली बहीण सुमती बगलेशी हिरवा टॉवेल धरून बाकावर येऊन बसली. तिच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ होती आणि सकाळी सातला तो भाग काढला होता. सुमती चारुपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा चारु सात वर्षांची होती आणि ताई एकोणीस. तेव्हापासून चारुच्या वेण्या, डबे, परीक्षा, ताप, सगळं ताईनं काढलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला की ती शाळेचं मैदान झाडायला निघायची. मुलींच्या शाळेत ती खेळाची बाई होती आणि तिची हाक चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायची.

"ताई, चालत आलीस?"

"मग काय डोलीतनं आणणार हायत व्हय मला?" सुमती म्हणाली. "वारा लागायलाय आत. किती वेळ लागंल गं?"

तिच्यापुढं सहाजण होते. शिवाय नातेवाइकांची फाईल आपण घ्यायची नाही असा नियम होता, त्यामुळं ती रुबिना मुजावरकडे जाणार होती. रुबिना चारुच्या शेजारच्या टेबलावर बसायची, कामाला चोख होती, पण त्या वेळी एका सर्जनचं अक्षर त्यालाच वाचून दाखवायला सांगावं म्हणून खाली गेली होती. चारुनं काचेतून पाहिलं. ताईला शिरशिरी येत होती आणि दर शिरशिरीला टॉवेल आत ओढला जात होता. ज्या बाईनं आपल्याला कधी वाऱ्याला उघडं ठेवलं नाही ती अशी उघडी बसली आहे, हे चारुला पाहवेना. तिनं फाईल रुबिनाच्या गठ्ठ्यातून ओढून घेतली.

पहिलं घर, दुसरं घर. तिसऱ्यात 'समग्र'. चौथ्यात यादी उघडली आणि त्यात जे नाव आधी दिसलं त्यावर तिनं बोट ठेवलं. पाचवं. सहावं निरंक. सातवं निरंक. कोड पडला.

बाहेर झाकणाचा आवाज झाला. त्याच्या मागोमाग, खूप खालून, कुणीतरी जड कपाट लावून घेतल्यासारखा दुसरा आवाज आला.

चारुनं पडद्याकडे पाहिलं. चौथ्या घरात 'उजवं फुप्फुस' होतं. ती बाहेर धावली. ताईचं अंग मिटलं होतं आणि ती टॉवेलाची घडी घालत होती, पण घडी घालताना सारखी उजवीकडे कलत होती.

"झालं की," ताई म्हणाली. ते जेमतेम चारुला ऐकू आलं. ताईनं घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाली, तेही तेवढंच ऐकू आलं. "माझा आवाज कुठं गेला गं?"

"येईल," चारु म्हणाली. "जरा बसून राहा. मी आलेच."

कुंभोजकर सर चहा पीत होते.

"सर, चौथ्या घरात चूक झाली."

"कुणाची फाईल?"

"ताईची."

"नातेवाइकांची फाईल घ्यायची नसते."

"हो सर."

"का नसते?"

"हात थरथर कापतो म्हणून."

"कापला?"

"नाही सर. हात नाही कापला. घाई झाली."

सरांनी कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. अकरा वर्षांत ते एकदाही आवाज चढवून बोलल्याचं चारुला आठवत नव्हतं, आणि आजही त्यांनी तो चढवला नाही. "पडलेला कोड पुसता येत नाही, शरीरानं तो ऐकलेला असतो. वरून दुसरी शस्त्रक्रिया लाव. एकतीस शब्द आहेत, त्यातला एखादा बसेल. सहाला दिवस बंद होतो. सहानंतर जे असेल ते असेल."

साडेअकरा झाले होते. चारुनं ताईची फाईल उघडली, तिसऱ्या घरात 'जोडणं' निवडलं आणि चौथ्या घराची यादी खाली ओढली. यादीत उजवं फुप्फुस नव्हतं. ते साहजिक होतं, जे शरीरात नाही ते यादीत कसं असणार. तिनं यादी मिटली, उगाच पुन्हा उघडली, तर आता उजव्या बरगड्याही नव्हत्या. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा उजवा खांदा गेला होता. तिनं माऊसवरचा हात काढून मांडीखाली दाबून धरला.

बाकावर ताई अरुंद झाली होती. उजव्या पायातली चप्पल कुठं गेली म्हणून ती बाकाखाली शोधत होती, आणि उजवा पाय कुठं गेला हे मात्र तिच्या लक्षात आलेलं नव्हतं. तिच्या उजव्या हाताला भोसे गावचे एक गृहस्थ बसले होते, अपेंडिक्सवाले, सकाळपासून द्राक्षबागेबद्दल बोलत होते. ते आता नव्हते. त्यांच्या जागेपाशी बाकच संपत होता.

"ते भोश्याचे पाव्हणे कुठं गेले?" चारुनं विचारलं.

"उजवीकडं व्हते," ताई म्हणाली. "आता उजवीकडं काय नाहीच की."

चारु जिना उतरून तळघरात गेली. कापलेलं सगळं तिथं जात असे. तिथली नोंद इराप्पा मामा ठेवायचे. ते स्टुलावर बसलेले असायचे, पण आज उभे होते, कारण स्टुलावर दुसरंच काही होतं.

"तुमच्या अक्कांचा तुकडा हा बघा," त्यांनी मांडणीवरची बरणी दाखवली. आत गाठीसकट फुप्फुसाचा वरचा भाग होता, नाव, तारीख, वेळ सगळं लिहिलेलं. "आणि हे बाकीचं. हे साडेअकराच्या आधी आपापलं आलं. बरणीत जाईना. मग बसवलं स्टुलावर."

स्टुलावर ताईचं फुप्फुस श्वास घेत होतं. त्याला कुणी कापलेलं नव्हतं, त्यामुळं आपण काढलेले आहोत हे त्याला कळलेलं नव्हतं. मैदानाला फेरी मारून आल्यावर ताई जशी धापा टाकायची तशा लयीत ते वरखाली होत होतं. चारुला रडू आलं. इतक्या वर्षांत तिनं हजारो फुप्फुसं काढली, वळवली, जोडली होती आणि एकही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

"मामा, नेऊ का हे?"

"न्या की. पावती नाही त्याची. ज्याची पावती नाही ते माझ्याकडं नाहीच."

तिनं ते ओढणीत गुंडाळून वर आणलं. ते कोमट होतं आणि मांजराच्या पिलाइतकं हलकं. टेबलावर ठेवल्यावर रुबिनानं, जी एव्हाना परत आली होती, आपल्या फायली उचलून त्याला जागा करून दिली. रुबिना काही विचारत नसे, हा तिचा मोठा गुण होता.

आता फुप्फुस होतं आणि ते आत घालायला शब्द नव्हता. 'जोडणं' म्हटलं तर चौथ्या घरात जागाच नाही. 'रोपण' म्हटलं तर चौथ्या घराची यादी देणाऱ्याच्या शरीराची उघडते, तिथं उजवं फुप्फुस असतं, पण देणारा दुसरा माणूस असावा लागतो. आपलंच फुप्फुस आपल्याला दिलं तर त्याला रोपण म्हणत नाहीत. चारुनं 'हलवणं' पाहिलं. ते शरीराच्या आतल्या आतच चालतं. 'भरणं', 'आधार देणं', 'पुन्हा जागेवर बसवणं', ती तक्त्यावरून एकेक शब्द घेत गेली आणि प्रत्येक शब्दासरशी ताईची यादी एका ओळीनं आखूड होत गेली. दोन वाजता यादीत उजवं काहीच उरलं नाही. मग यादीतले मधले अवयव जायला लागले.

चारुची चुळबुळ थांबेना. ती खुर्चीत बसे, उठे, काचेपाशी जाई, परत येई. सरांनी डबा उघडला, खाल्ला, मिटला. रुबिनानं तिच्यापुढं अर्धी चपाती ठेवली, ती तशीच वाळली. बाहेर बाक लहान होत चालला होता आणि उरलेले पेशंट उभे राहून टॉवेल धरत होते. तक्रार कुणी करत नव्हतं. चार वाजता एक बाई खिडकीत आली आणि म्हणाली, "मॅडम, जिना नाही सापडत." जिना बाकाच्या उजव्या हाताला होता. चारुनं डोकावून पाहिलं, तर तिथं चुना दिलेली भिंत होती आणि तिला वर्षानुवर्षं पाठ टेकल्याचे डाग होते. लिफ्टही तिकडेच होती.

कुंभोजकर सर ती भिंत पाहून आले. "म्हणजे आता सहापर्यंत आपण सगळेच आहोत," ते म्हणाले आणि जागेवर बसले.

टेबलावरचं फुप्फुस साडेचारला सपाट व्हायला लागलं. आधी ते फाईलइतकं जाड राहिलं, मग फायलीतल्या कागदाइतकं. कागद झाल्यावरही काही वेळ तो कागद वरखाली होत होता. मग तो स्थिर झाला. रुबिनानं त्यावर पेपरवेट ठेवलं, कारण पंखा चालू होता.

तेव्हा चारुनं आपली स्वतःची फाईल काढली. हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकाची असते. तिनं चौथ्या घराची यादी उघडून पाहिली. यादी पूर्ण होती. उजवं फुप्फुस, तिन्ही भागांसकट, तिसाव्या ओळीत होतं. तिला इतकं हायसं वाटलं की आपण काय करायला निघालो आहोत याची भीती वाटायची राहूनच गेली.

ताईच्या फाईलमध्ये तिनं 'रोपण' लिहिलं आणि देणारी म्हणून स्वतःची फाईल जोडली. चौथ्या घरात, नीट वाचून, बोट ठेवून, पुन्हा वाचून, 'उजवं फुप्फुस'. पाचवं भरलं. सहावं निरंक. सातव्या घरात यंत्रानं विचारलं, कुणाचं. खाली तीनच पर्याय होते. परक्या व्यक्तीचं. जुळ्या भावंडाचं. प्राण्याचं.

"सर, यात बहीण नाही."

"नसतेच," सर म्हणाले. "जुळं नसेल तो परका. फार जुनं वर्गीकरण आहे."

"पण लिहिलं की तसं होतं, सर."

गेल्या पावसाळ्यात कुपवाडच्या एका बापानं मुलाला मूत्रपिंड दिलं होतं. सातव्या घरात 'परक्या व्यक्तीचं' असा कोड बिनचूक पडला होता, चारुनंच टाकला होता. आता दर महिन्याला दोघं तपासणीला यायचे, बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि नजरानजर झालीच तर बसमध्ये करतात तशी मान हलवायचे. पोरगा एकदा खिडकीत विचारत होता, ते तिकडचे काका दर वेळी मलाच का बघतात.

"जुळी लिही," रुबिना हळूच म्हणाली. "कोण बघतंय?"

चारुनं जुळी लिहिलं. यंत्रानं दोघींच्या जन्मतारखा समोरासमोर ठेवल्या आणि मधली बारा वर्षं कुणाची काढायची ते विचारलं. वाढवायची सोय नव्हती, काढायचीच होती. तिनं ताईच्या नावावर बोट टेकवलं, दाबलं नव्हतं, नुसतं टेकवलं होतं, तेवढ्यात फाईलमधल्या ताईच्या फोटोतले पांढरे केस काळे झाले आणि त्यांच्या दोन वेण्या झाल्या. वेण्या वेड्यावाकड्या होत्या. फोटोच्या मागं त्यांचं जुनं स्वयंपाकघर होतं आणि चूल विझलेली होती. आई गेली त्या सकाळी तिथं सात वर्षांच्या दोन मुली उभ्या होत्या आणि दोघी दाराकडे बघत होत्या, कुणीतरी मोठं येईल म्हणून. दारातून कुणी येत नव्हतं.

चारुनं बोट झटकून उचललं. त्या मुलींना तसंच सोडून देणं तिच्यानं होणार नव्हतं.

पावणेसहा झाले होते. ती बाहेर गेली. बाक आता एका माणसापुरता होता आणि त्यावर ताईची डावी बाजू बसली होती. डावा कान, डावा गाल, डावा हात. समोरून पाहिलं तर ती दिसायची नाही. डावीकडून जाऊन पाहावं लागत होतं.

"काय ठरलं?" ताईनं विचारलं. ऐकायला चारुला कान तिच्या ओठाशी न्यावा लागला.

"फुप्फुस मिळतंय."

"कुणाचं?"

"आहे एकीचं."

"चांगलं बघून घे. तंबाखू खाणारी नको."

"नाही खात."

"आणि आज भात तू लाव. मला काय उभं राहवणार नाही."

"लावते."

चारुला सांगायचं होतं. तिनं तोंडही उघडलं. पण सांगितलं असतं तर ताई नको म्हणाली असती, आणि ताई नको म्हणाली की चारुनं आजवर कुठली गोष्ट केली नव्हती. ती ताईसमोर फरशीवर पाठमोरी बसली. "ताई, वेणी सैल झालीय माझी."

"एक्केचाळीस वर्षांची झालीस तरी वेणी घालायला येत नाही," ताई म्हणाली. तिला एकच हात होता. तिनं एक पेड चारुला धरायला दिला, एक दातात धरला आणि तिसरा बोटांनी वळवला, आणि वेणी झाली. थोडी तिरपी झाली. चारुला रबर लावायला वेळ नव्हता. ती उठली आणि मागं न बघता आत गेली.

घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी होती. सर उभे होते. रुबिना उभी होती. चारुनं सातव्या घरात 'परक्या व्यक्तीचं' यावर बोट ठेवलं आणि या वेळी तिनं अजिबात घाई केली नाही. पहिल्यापासून सातही घरं एकदा वाचली. मग दाबलं.

बाहेर झाकण बसल्याचा आवाज झाला, मोठा, भरल्या डब्याचा. त्याबरोबर चारुच्या बरगड्यांखाली उजवीकडे वारा शिरला. दुखलं नाही. ताई म्हणाली होती तसंच, नुसता वारा. मग सहा वाजले, दिवस बंद झाला आणि पडदा काळा पडला.

जिना होता तिथं आला. लिफ्टचं दार उघडून मिटलं. भोश्याचे गृहस्थ बाकावरून उठले, टॉवेल खिडकीत ठेवून, राहिलेलं वाक्य पुरं करत खाली गेले. उभे होते ते सगळे गेले. कुंभोजकर सरांनी चारुच्या अंगाकडे पाहिलं, मग बंद यंत्राकडे.

"आपला कोड आपल्याला टाकता येत नाही," ते म्हणाले.

"हो सर."

"मी टाकला असता," रुबिना म्हणाली, "पण मशीन आता सकाळी नऊला उघडतं." तिनं कपाटातून एक कोरा हिरवा टॉवेल काढला, चारुला दिला आणि तिचा उजवा हात त्यावर नीट ठेवला. "थांबू का?"

"नको. पोरं वाट बघत असतील. जा तू."

विभागाला कुलूप लावायचं होतं, म्हणून चारु बाहेर आली. बाकाच्या मध्यावर सुमती बसली होती, सबंध, दोन्ही बाजूंनी, आणि दोन्ही पायांत चपला होत्या. ती श्वास घेऊन बघत होती. मोठा घ्यायचा, थांबवायचा, सोडायचा. मग तिनं खाकरून घसा मोकळा केला आणि सगळा मजला दणाणला.

चारुला इतका आनंद झाला की ती तिच्याजवळ जाऊन बसली.

सुमती थोडी सरकली आणि तिला जागा करून दिली. "आत्ताच झालं व्हय तुमचं?" तिनं विचारलं.

"आत्ताच."

"आणि कोड?"

"सकाळी पडेल."

"म्हणजे रात्रभर असं उघडं?" सुमतीनं तोंडानं च् केलं. "बरोबर कोण आलं नाही तुमच्या?"

चारुनं मान हलवली. ती हो होती की नाही हे तिलाही ठरवता आलं नाही.

"माझ्याबी घरात वाट बघणारं कोण नाही. एकटा जीव. बसते मी जरा." तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "नाव काय तुमचं?"

"चारुशीला," चारु म्हणाली. एका श्वासात तेवढंच मावलं. दुसरा श्वास घेऊन ती म्हणाली, "मगदूम."

"अगंबाई, आम्हीपण मगदूमच की." सुमतीला बरं वाटलं. तिनं नीट वळून चारुच्या तोंडाकडे पाहिलं, घरातली, भावकीतली, दूरची, सगळी माणसं मनाशी मोजल्यासारखी. "पण आमच्यात चारुशीला कुणी नाही."

मग या बाईचा हात दुखत असेल असं वाटून तिनं चारुचा हात बाजूला केला आणि टॉवेल आपल्या हातानं दाबून धरला.